भिवरा टिटवीची बर्फरजा

एका जंगलात, मुलांनो, रजा हा शब्दच नव्हता. म्हणजे होता, पण तो फक्त भांडणात वापरायचे. "बघ हं, रजेवर जाशील एक दिवस," असं कुणी कुणाला म्हटलं की झोंबाझोंबी ठरलेली.

त्या जंगलाचं नाव आनंदराई. तिथे सगळे जण काम करत. सुतारपक्षी दवंडी पिटे. साळिंदर वाटा साफ करे. हरणं रोज महाराजांच्या पुढे पळत, कारण महाराजांना व्यायाम हवा असे. महाराज वाघ होते. ते काय खात, हे आपण विचारायचं नाही. बोधकथेत वाघ दरबार भरवतो, एवढं माहीत असलं म्हणजे पुरे.

आनंदराईला आपल्या कष्टाळूपणाचा फार अभिमान होता. सशीण सकाळी झुडपाआड बाळंत व्हायची आणि दुपारी कामावर हजर. मग दरबारात तिचा सत्कार व्हायचा. सत्काराला उभं राहताना तिला चक्कर यायची, पण अंगावर शाल असल्यामुळे ते कुणाला दिसायचं नाही.

जंगलाचा कारभार दिवाणजी बघत. दिवाणजी म्हणजे कोल्हा. बोधकथेत दुसरं कोण असणार? कुणी चुकून रजेचं नाव काढलं, तर ते गोड हसून म्हणत, "आमच्याकडे रजा नाही असं कोण म्हणतं? हवी तेवढी घ्या. फक्त परत येऊ नका."

हे ऐकून सगळे हसत. तुमच्या बाबांच्या ऑफिसातही साहेबांनी विनोद केला की सगळे हसतात. तसंच.

तर या आनंदराईत भिवरा नावाची एक टिटवी होती. तिचं काम हद्दीवर पहारा द्यायचं. माळावरच्या उंच वारुळावर उभं राहायचं आणि शेजारच्या रानातला वाघ दिसला की ओरडायचं. तिचा नवरा धोंडूही पहारेकरीच होता, पण त्याची नेमणूक राणीसाहेबांच्या पाणवठ्यावर. म्हणजे दोघंही दिवसभर कामावर, आणि एकमेकांची गाठ अंधार पडल्यावर.

आता टिटवीचं घर कसं असतं, ठाऊक आहे ना? घरच नसतं. उघड्या माळावर चार खडे बाजूला सारायचे आणि तिथेच अंडी घालायची. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. ही झाली सोय. गैरसोय अशी, की उन्हाळ्याच्या दुपारी माळ तव्यासारखा तापतो. मग टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवते, ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते आणि त्यांना गारवा देते. पिसं वाळली की पुन्हा पाण्याला. एक पाण्याला गेला की दुसऱ्याने सावली धरायची. दोघांचं काम आहे ते, आणि दिवसभराचं.

गेल्या उन्हाळ्यात भिवराने चार अंडी घातली होती. ती वारुळावर उभी होती. धोंडू पाणवठ्यावर उभा होता. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अंडी जागच्या जागी होती, कुणी खाल्ली नव्हती, फोडली नव्हती. फक्त भाजली होती. ती तरीही त्यांच्यावर बसली. बरेच दिवस बसली. शेवटी धोंडूच म्हणाला, "भिवरा, ऊठ आता."

या उन्हाळ्याला तिने ठरवलं, काही झालं तरी विचारायचं.

"दिवाणजी," ती म्हणाली, "अंडी व्हायची वेळ आलीय. उबवायला थोडी रजा मिळंल का? मला नाय तर नाय, ह्यांना तरी द्या."

दिवाणजींनी नेहमीचा विनोद केला. ती हसली नाही.

ती हसली नाही म्हणून दिवाणजींना जरा चमत्कारिक वाटलं. "गेल्या वर्षी तुझी अंडी उन्हाने गेली ना?" ते म्हणाले. "ऊन आमच्या खात्यात येत नाही."

"ऊन नगं मला. सावली धरायला मी पायजे."

"आणि हद्दीवर कोण ओरडणार? तुझ्या चार अंड्यांसाठी आख्खं जंगल धोक्यात घालायचं? बघू. तुझी मागणी विचाराधीन आहे."

विचाराधीन म्हणजे काय, हे मोठे झालात की कळेल. घाई करू नका.

भिवराचं नशीब असं, की त्याच सुमारास महाराज सगळ्या जंगलांच्या राजांच्या मेळाव्याला गेले होते. तिथे एका सिंहाने सगळ्यांसमोर विचारलं, "वाघोबा, तुमच्याकडे म्हणे रजाच देत नाहीत?" बाकीचे राजे मिशीत हसले. महाराज तणतणत परत आले आणि त्यांनी दिवाणजींना बोलावलं.

"आपल्या जंगलात सगळ्या जगाहून मोठी रजा पाहिजे," महाराज म्हणाले.

"होय सरकार."

"आणि कुणी रजेवर जाता कामा नये."

"होय सरकार," दिवाणजी म्हणाले. उगीच नाही ते दिवाणजी झाले.

मग एक अभ्यासमंडळ नेमलं गेलं. त्यात दिवाणजी आणि एक थोरलं रानडुक्कर. डुकराला रजेतलं काही कळत नव्हतं, पण त्याला प्रवासाची आवड होती. परदेशी रानं पाहून, तिथल्या रजांचा तुलनात्मक अभ्यास करून यायचं, असं ठरलं. दोघांना निरोप द्यायला सगळं जंगल आलं. सशिणीने ओवाळलं. तिला त्यासाठी कामावरून सुट्टी मिळाली नव्हती, ओवाळणं हेच तिचं त्या दिवशीचं काम होतं.

मंडळ निघालं आणि हद्दीजवळच्या आमराईपर्यंत पोचलं. आंब्याला पाड लागला होता. डुक्कर म्हणालं, "दिवाणजी, थोडं टेकू." ते टेकले ते टेकलेच.

पण दिवाणजी कर्तव्याला चुकले नाहीत. उत्तरेला परत निघालेला एक म्हातारा करकोचा पंख दुखतो म्हणून मागे राहिला होता, तो त्याच आमराईत उतरला होता. सगळं जग फिरलेला पक्षी. दिवाणजींनी त्याला बसवून घेतलं आणि आंबे खात खात सगळ्या जगाचा अभ्यास केला. उंटावरून शेळ्या हाकतात, यांनी आंब्याच्या कोयीवरून हाकल्या.

"आमच्या उत्तरेकडच्या रानात," करकोचा म्हणाला, "अस्वलाला अख्ख्या हिवाळ्याची रजा. बर्फ पडलं की झोपायचं, बर्फ वितळलं की उठायचं. जागा त्याचीच राहते, आणि खाणंपिणं सरकारी."

"अरे देवा," डुक्कर म्हणालं.

"त्याच्या खालच्या रानात सूर्य मावळल्यावर सिंहाने सशाला कामासाठी हाक मारली, तर सिंहाला दंड."

दिवाणजींच्या घशात आंब्याची शीर अडकली.

"पूर्वेच्या बेटावरच्या सारसांना रजा भरपूर आहे. पण ती घ्यायची त्यांना इतकी लाज वाटते की उभ्या उभ्याच डुलक्या घेतात."

"छान लोक आहेत," दिवाणजी म्हणाले. "आणि सगळ्यात श्रीमंत रान कुठलं?"

"ते समुद्रापलीकडे. तिथे बीव्हर म्हणून एक प्राणी आहे, रात्रंदिवस लाकडं कुरतडून धरणं बांधतो. त्याला रजा द्यायलाच पाहिजे असा कायदा नाही. मालकाच्या मनात आलं तर देतो. एखादी बीव्हरीण फार आजारी पडली, तर शेजारी आपल्या वाटणीची थोडी थोडी रजा तिला दान करतात. मग सगळे मालकाचं कौतुक करतात, की बघा, त्याने दान करू दिलं."

दिवाणजींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सुंदर काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण महाराजांना मोठी रजा हवी होती, आणि हे रान त्या बाबतीत फारच मागे होतं. त्यांनी पुन्हा उत्तरेच्या अस्वलाचा विषय काढला.

"ते बर्फ म्हणजे नेमकं काय असतं?"

"पांढरं असतं. मऊ असतं. वरून पडतं आणि आवाज करत नाही. सगळी जमीन झाकून टाकतं."

ते गार असतं, हे करकोच्याने सांगितलं नाही. त्याचा जन्मच गारठ्यातला. घर कसं आहे विचारलं, तर त्याला भिंती आहेत असं तुम्ही सांगता का?

आंबे संपले तेव्हा अभ्यास संपला. मंडळ वाजतगाजत परत आलं. दरबारात डुकराने लंगडून दाखवलं. "गुडघाभर बर्फातून चालून आलो, सरकार," ते म्हणालं. दिवाणजींनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण टाळ्या इतक्या पडल्या की मग त्यांनीही लंगडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्ष्याने झाडाझाडावर दवंडी पिटली. "ऐका हो ऐका. आनंदराईत सगळ्यांना हिवाळी झोपेची रजा मंजूर झाली आहे. खाणंपिणं सरकारी. ज्या दिवशी बर्फ पडेल त्या दिवशी रजा सुरू. बर्फ म्हणजे जे पांढरं, मऊ, वरून पडतं, आवाज करत नाही आणि जमीन झाकतं ते. दिवाणजींनी स्वतः पाहिलं आहे हो."

सगळ्या जंगलाने नाच केला. जगातली सगळ्यात मोठी रजा आपली, म्हणून माकडांनी शेजारच्या रानातल्या माकडांना हद्दीवर जाऊन वेडावून दाखवलं. महाराजांनी सिंहाला निरोप धाडला. मग दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीप्रमाणे कामावर गेले, पण छाती पुढे काढून गेले.

एकट्या भिवराने विचारलं, "दिवाणजी, बर्फ पडायचं कधी?"

"ते निसर्गाच्या हातात आहे. कायदा करणं आमच्या हातात होतं, आम्ही केला."

"माझ्या आजीनं पण कधी बर्फ पायलं नव्हतं."

"तुझ्या आजीच्या वेळी असा कायदा तरी होता का?" दिवाणजी म्हणाले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आनंदराई पोटभर जेवली आणि ढेकर देत बसली.

भिवराने अंडी घातली. चार.

या वेळी तिने ती वारुळापासून जवळच, एका सावरीच्या झाडापुढे घातली होती. सावर म्हणजे, तुमच्या आजीच्या उशीत मऊ कापूस असतो ना, त्याचं झाड. पहाऱ्यावरून ती अंड्यांकडे बघायची. डबक्याकडे धावायची, पोट भिजवायची, अंड्यांवर टेकायची, लगेच उठून वारुळावर जायची आणि जागी आहे हे कळावं म्हणून ओरडायची. ओरडताना तिला धाप लागायची. अंड्यांवर बसलेली टिटवी उगीच ओरडत नाही, शत्रूला पत्ता लागतो म्हणून. भिवराला पगार मात्र ओरडायचाच होता.

एका दुपारी डबकं आटलेलं निघालं. तिला लांब जावं लागलं. परत आली तर एक अंडं चटकलं होतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला रडू येत होतं, पण वारुळावरून ओरडायची वेळ झाली होती, म्हणून तिने आधी ते केलं.

त्या रात्री तिने धोंडूला सांगितलं, "उरलेली तीन पण जाणार. मला दिसतंय ते."

धोंडू फार बोलणाऱ्यांतला नव्हता, आणि खरं सांगायचं तर फार विचार करणाऱ्यांतलाही नव्हता.

सकाळी वारा सुटला. सावरीची बोंडं तडातडा उकलली. कापूस सुटला, हलके हलके खाली आला, आणि सगळा माळ पांढरा झाला. वारूळ पांढरं, डबकं पांढरं, भिवराची पाठ पांढरी. पाणवठ्याकडे निघालेला धोंडू जागीच थांबला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "ते दवंडीतलं बर्फ पडलं की काय?"

भिवरा त्याला खुळा म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. दर उन्हाळ्याला हा कापूस त्याच्या डोक्यावर पडत आला होता, आणि हा शहाणा विचारतोय बर्फ का. मग तिने ते उघडलेलं तोंड मिटलं. पांढरं आहे. मऊ आहे. वरून पडलं. आवाज आला नाही. जमीन झाकली.

इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

"व्हय," ती म्हणाली, "बर्फच ते. तुम्ही पाणवठ्यावर जाऊ नगा. पाणी घेऊन या, पोटावरनं. आपण रजेवर हाओत."

आणि ती अंड्यांवर जाऊन बसली.

सुतारपक्ष्याने हे पाहिलं. त्याची मान गेली कित्येक वर्षं दुखत होती. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा कापसाकडे पाहिलं, आणि शेवटची दवंडी पिटली, "बर्फ पडलं हो." मग तो ढोलीत जाऊन झोपला. दुपारपर्यंत आनंदराईतले सगळे रजेवर गेले. सशीण पाय पसरून पडली. हरणांनी पळायचं बंद केलं आणि चरायला सुरुवात केली. महाराज व्यायामाला निघाले तर पुढे कुणीच नाही.

"टिटवीला हजर करा," महाराज गरजले. पण हजर करणारे रजेवर होते. तेव्हा महाराजांना स्वतःच चालत माळावर जावं लागलं. मागे दिवाणजी आणि डुक्कर.

भिवराने वाघ येताना पाहिला. तिच्या पोटाखाली तीन अंडी होती. उडून जावंसं तिला फार वाटलं. पण ती बसून राहिली, आणि तिने अंडी आणखी पोटाखाली ओढून घेतली.

"कामावर का नाहीस?" महाराजांनी विचारलं.

"बर्फ पडलंय, सरकार."

"हा कापूस आहे," दिवाणजी ओरडले. "सावरीचा कापूस."

"असंल," भिवरा म्हणाली. "आमी कुठं बर्फ पायलंय? दवंडीत सांगितलं तसं दिसलं म्हणून रजेवर आलो. तुम्ही तर गुडघाभर बर्फातनं चालून आलात. बर्फ याच्याहून निराळं कसं असतं, ते तेवढं सरकारांना सांगा. मी उठते."

महाराज दिवाणजींकडे वळले. "सांगा."

दिवाणजींनी तोंड उघडलं. करकोच्याने सांगितलेलं सगळं त्यांनी मनात पुन्हा एकदा तपासलं. पांढरं, मऊ, वरून पडतं. त्यापलीकडे त्यांच्याजवळ फक्त आंब्यांच्या आठवणी होत्या. हा कापूस आहे म्हणावं, तर बर्फ कसं असतं ते सांगावं लागणार. ते सांगता येत नाही म्हणावं, तर आमराई बाहेर येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"बर्फ... अधिक पांढरं असतं," ते म्हणाले.

"मळलं असंल," धोंडू म्हणाला. पोट भिजवून तो नुकताच आला होता.

महाराजांनी पंजा पुढे केला आणि कापसावर ठेवला. सावरीच्या सावलीतला कापूस होता, वर धोंडूच्या पोटाचं पाणी ठिबकलेलं. "हं," महाराज म्हणाले. "गार लागतंय. डुकरा, तू सांग. हेच का ते?"

डुक्कर दिवाणजींपेक्षा हुशार नव्हतं, पण जिवाला जपणारं होतं. "हेच ते, सरकार. अगदी हेच. माझे तर गुडघे पुन्हा दुखायला लागले."

झालं. महाराजांनी तिथल्या तिथे सिंहाला निरोप धाडायचं ठरवलं, की आमच्याकडे रजा सगळ्यांत मोठी, आणि बर्फ भर उन्हाळ्यात पडतं. निरोप न्यायला कुणी नव्हतं, ते सोडा. घरी परतताना महाराजांना वाटेत दाट सावली दिसली. तिथे ते जरा आडवे झाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की रजा सगळ्यांना मंजूर झाली होती, म्हणजे आपल्यालाही.

आणि जंगलाचं काय झालं? बुडालं का? दिवाणजी रोज सकाळी उठून बघत होते, बुडालं का म्हणून. वाटांवर थोडं गवत वाढलं. शेजारचा वाघ एकदा हद्दीवर आला. कुणी ओरडेना, कुणी पळेना. एवढी शांतता पाहून तोच घाबरला आणि परत गेला.

भिवरा भिजून यायची तेव्हा धोंडू सावली धरायचा, धोंडू जायचा तेव्हा ती. दोघं दिवसाउजेडी इतका वेळ एकत्र कधी राहिली नव्हती. मग एका पहाटे पोटाखालून टकटक आली. तिन्ही अंडी फुटली. पिलं बाहेर आली आणि पाय वाळताच पळायला लागली. भिवरा त्यांच्यामागे धावली आणि धावता धावता मोठ्याने हसली. चौथं अंडं तिला तेव्हाही आठवलं.

दिवाणजी एवढ्यावर गप्प बसणारे नव्हते. पुढच्या वर्षी बर्फ पडायलाच नको, म्हणून त्यांनी सावरीचं झाड पाडायचा हुकूम काढला. झाड कुरतडायला साळिंदर हवं होतं. ते रजेवर. तेव्हा भर दुपारी दिवाणजी स्वतः गेले आणि त्यांनी खोडाला कडकडून चावा घेतला. सावरीच्या खोडाला बोटभर काटे असतात. दिवाणजींनी आजवर कुठल्याच कामाला तोंड लावलं नव्हतं, त्यामुळे त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचं तोंड दुधीभोपळ्याएवढं सुजलं. आजारपणाची रजा मागावी, तर मागायची कुणाकडे, देणारे तेच.

पावसाळा आला आणि गेला. माळावर कापसाचा धागाही उरला नाही, म्हणजे बर्फ वितळलं, रजा संपली. सगळे जण कामावर परतले. भिवरा वारुळावर चढली. खाली तिची तिन्ही पोरं, आता तिच्याएवढी झालेली, माळावर किडे टिपत होती.

दिवाणजी तिथे आले. सूज बरीच उतरली होती. "काय भिवराबाई," ते म्हणाले, "हौस फिटली का रजेची?"

भिवराने माळाकडे पाहिलं. उन्हाळ्यात त्या पांढऱ्या कापसाबरोबर जे बी उडालं होतं, ते सगळ्या आनंदराईभर पडलं होतं. पावसाने रुजलं होतं. वाटेवर, पाणवठ्यावर, दरबाराच्या दगडाला लागून, पार दिवाणजींच्या बिळाच्या तोंडाशीसुद्धा इवली इवली सावरीची रोपं उभी होती.

"काही वर्षांनी बर्फ लई जोराचं पडंल असं वाटतंय, दिवाणजी," ती म्हणाली. "रोपं झकास धरलीत."

तात्पर्य : मुलांनो, अभ्यास नेहमी मन लावून करावा. पण आपल्यासाठी कायदे करणाऱ्यांनी तो तसा करू नये, अशी देवाकडे रोज प्रार्थना करावी. दिवाणजींनी उत्तरेला जाऊन खरोखर बर्फ पाहिलं असतं, तर भिवराची चारही अंडी कायदेशीरपणे भाजली असती.